एकांडे शिलेदार आणि त्यांची फौज

ऑनलाइन बहुखेळाडू खेळात एकाच जगात एकाच वेळी हजारो माणसे वावरत असतात. तिथे शिरायला इंटरनेट लागते, चांगले यंत्र लागते, कित्येक खेळांत दरमहा वर्गणीही भरावी लागते. एवढे सगळे करून आत पोचलेला खेळाडू पहिल्यांदा काय करतो, तर दुसरे कोणी नसलेले रान शोधतो आणि तिथे एकट्याने रानडुकरे मारत बसतो. त्या रानात आणखी कोणी डुकरे मारायला आला की याच्या कपाळाला आठ्या पडतात. पण उद्या बाकीचे सगळे खेळाडू निघून गेले आणि रान खरोखरच मोकळे झाले, तर हाच गृहस्थ परवा खेळ सोडून देतो. खेळ बनवणारे गेली ४५हून अधिक वर्षे या एका स्वभावाशी झटापट करीत आहेत. माणसाला एकट्याने खेळू द्यावे की चौघांत बसवावे, या प्रश्नाची त्यांनी काढलेली उत्तरे एकाहून एक मासलेवाईक आहेत.

या वंशाचा मूळपुरुष 'मड' नावाचा खेळ. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी तो १९७८ साली रचायला घेतला. चित्रे नव्हती. पडद्यावर नुसता मजकूर उमटे: इकडे दार आहे, तिकडे तलवार आहे, आणि शेजारी अमुक एक गृहस्थ उभे आहेत. या शेजाऱ्याचे काय करायचे, यावर खेळाडूंचे जे मतभेद झाले ते बार्टल यांनी १९९६ साली एका निबंधात पत्त्यांच्या चार रंगांत वाटून दिले. चौकटवाले गुण आणि संपत्ती जमवतात, इस्पिकवाले जग उकरून पाहतात, बदामवाल्यांना इतर खेळाडू गप्पा मारायला लागतात, आणि किलवरवाल्यांना नुसतेच मारायला. म्हणजे चारांतल्या दोघांनाच माणसांची खरी गरज असते, आणि त्या दोघांतल्या एकाची गरज भागली की दुसऱ्याची माणसे कमी होतात.

टोळीची सक्ती सर्वांत मनापासून कोणी केली असेल तर ती 'एव्हरक्वेस्ट'ने. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या या खेळात सहा जणांचा गट करता येई, आणि पहिल्या काही पायऱ्या चढून गेल्यावर बहुतेक पेशांच्या खेळाडूंना गटावाचून गत्यंतर नसे. अंगावर वार झेलणारा योद्धा, त्याच्या जखमा भरणारा क्लेरिक आणि जादा राक्षसांना भूल घालून जागच्या जागी खिळवणारा एनचँटर, हे तिघे जमले की गटाला आकार आला असे समजत. तलवार परजणाऱ्यांना तोटा नव्हता. क्लेरिक मिळणे मात्र कठीण, कारण पराक्रम गाजवायला आलेल्या माणसाला दुसऱ्याची मलमपट्टी करीत मागे बसणे सहसा रुचत नाही. मग पाच शूर पुरुष एका क्लेरिकची वाट पाहत डोंगराच्या पायथ्याशी बसून राहत, आणि तो उगवेपर्यंत एनचँटरची झोपायची वेळ झालेली असे.

गट जमला तरी बसणे चुकत नसे. मंत्रशक्ती संपली की जमिनीवर मांडी घालायची आणि ती भरून येईपर्यंत उठायचे नाही. खालच्या पायऱ्यांवरच्या मांत्रिकाने तर सुरुवातीच्या काळात अशी बैठक मारली की मंत्रांची पोथी उघडून त्याचा पडदाच झाकून टाकी. पाठीमागून राक्षस येतो आहे की नाही, हे शेजाऱ्याने सांगितले तर कळायचे. मरण आले की कमावलेल्या अनुभवातून वजावट होई, आणि चिलखतापासून तलवारीपर्यंत सगळी चीजवस्तू प्रेताजवळ राहून जाई. मेलेल्याने पुन्हा जन्म घ्यायचा, उघड्या अंगाने त्याच राक्षसांच्या गराड्यात शिरायचे आणि आपले स्वतःचे प्रेत हुडकायचे. एकट्याच्या आवाक्यातले हे काम नव्हे, म्हणून मित्र सोबत येत. तेही मरत. मग तीन प्रेते आणण्यासाठी सहा जणांना बोलवावे लागे, आणि रात्र संपताना कोणाचे प्रेत कोणते हाच मुख्य विषय उरे.

या छळाचा एक फायदा मात्र नाकारता येत नाही. ताटकळणारी माणसे बोलू लागतात. एव्हरक्वेस्टमध्ये मैत्री जुळली ती बहुतांशी बसल्या बसल्या, आणि काही जोड्या तर पुढे खऱ्याखुऱ्या संसारालाही लागल्या. दुसरीकडे, इतका पक्का बंदोबस्त असूनही एकांड्यांनी फट शोधलीच. नेक्रोमॅन्सर आणि ड्रुइड या दोन पेशांना राक्षसाची चाल मंदावण्याचे मंत्र येत. राक्षसाला आपल्या मागे लावायचे, पळता पळता त्याला पोळत राहायचे आणि तो पडेपर्यंत थांबायचे नाही, अशी त्यांची रीत होती. पायथ्याशी बसलेले पाच जण या पळापळीकडे तुच्छतेने पाहत. तुच्छतेत थोडा हेवाही असे.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने पायथ्याचे धरणे संपवले. गावात शिरावे, डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह मिरवणारा माणूस गाठावा, त्याने सांगितलेली दहा डुकरे मारावीत आणि बक्षीस घ्यावे. असे करत करत कोणाशीही चकार शब्द न बोलता ६०व्या म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च पायरीपर्यंत जाता येई. एकांड्यांना वाटले, हा आपला खेळ. ६०व्या पायरीवर पोचल्यावर त्यांना कळले की पुढचे वैभव 'मोल्टन कोअर' नावाच्या गुहेत आहे, आणि तिथे जाताना आणखी ३९ जणांना घेऊन यायचे आहे. शेकडो तास माणसे टाळण्याचा सराव केलेल्यांना एकदम चाळिसांच्या फौजेत उभे केले गेले. शिक्षणपद्धती म्हणून ही अजब होती, तरी तिचे विद्यार्थी लाखोंनी होते.

चाळीस जण एका कामाला लागले की काय होते, याचे उत्तर संगणकाच्या जन्माआधीच मिळाले होते. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली, आणि १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने लावलेल्या जोराच्या निम्म्यावर येतो. आठांची ही कथा, मग चाळिसांत काय होत असेल? गुहेतल्या अग्निदैत्यावर बाण सोडणाऱ्यांत एखादा हमखास चहा करायला गेलेला असे, आणि दैत्य पडल्यावर वाटणीच्या वेळी नेमका परत येई.

वाटणी हे तर स्वतंत्र प्रकरण. दैत्य पडला की दोन-चार मौल्यवान वस्तू निघत आणि मागणारे चाळीस असत. कोणी एकाने न विचारता उचलून पोबारा केला तर त्याला 'निंजा' म्हणत, आणि त्याची बदनामी पुढच्या सात गटांपर्यंत पोचे. त्यावर तोडगा म्हणून एव्हरक्वेस्टच्या काळातच 'डीकेपी' नावाची हिशेबपद्धत निघाली होती. हजर राहिल्याबद्दल गुण मिळायचे आणि साठलेले गुण मोजून वस्तू घ्यायची. हे चालवायचे तर हजेरीपट आला, उशिराची नोंद आली, रजेचा अर्ज आला, आणि या सर्वांची वही सांभाळणारा टोळीप्रमुख आला. दिवसभर कचेरीत खपलेली माणसे विरंगुळा म्हणून रात्री दुसऱ्या कचेरीत रुजू होऊ लागली. इथे पगार नव्हता, उलट दरमहा पैसे भरायचे होते.

अवकाशयुद्धांच्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये हा कारभार याहून वरच्या थराला गेला. जानेवारी २०१४ मध्ये तिथे साडेसात हजारांवर खेळाडूंची लढाई सुमारे २१ तास चालली, आणि कोट्यवधी रुपये मोलाची जहाजे बेचिराख झाली. कारण काय, तर एका मोक्याच्या सूर्यमालेवरच्या हक्काचे बिल वेळेवर भरायचे राहून गेले होते. एवढी गर्दी झाली की यंत्रांना दम मिळावा म्हणून हा खेळ काळाची गतीच दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरवतो. त्यामुळे या महायुद्धातल्या वीरांचा बराचसा वेळ कळ दाबून तिचा परिणाम व्हायची वाट पाहण्यात गेला.

फौजेतल्या एकांड्याचे सर्वांत गाजलेले चित्र मे २००५ मधल्या एका चित्रफितीत सापडते. वॉरक्राफ्टमधला एक गट अंड्यांनी भरलेल्या दालनाच्या तोंडाशी उभा राहून बारकाईने मसलत करतो आहे. कोणी कुठे उभे राहायचे, कोणता मंत्र केव्हा टाकायचा, वाचण्याची शक्यता किती टक्के, अगदी दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसह. लीरॉय जेनकिन्स नावाचा सदस्य या वेळी जागेवर नाही. तो परततो, मसलतीतले काहीही न ऐकता स्वतःचे नाव ठणाणा ओरडत आत घुसतो, बाकीचे त्याला वाचवायला धावतात आणि सगळे मरतात. शिव्यांच्या भडिमारात लीरॉय एवढेच सांगतो की त्याच्यापाशी निदान कोंबडी तरी आहे. हा प्रसंग आधी ठरवून रचलेला होता हे पुढे उघड झाले, पण ते कळल्यावरही कोणाची निराशा झाली नाही, कारण प्रत्येक गटाला आपापला लीरॉय आधीच भेटलेला होता. कंपनीने २००८ साली खेळात त्याच्या नावाची पदवी ठेवली. मसलत करणाऱ्यांच्या नावाने काहीही ठेवलेले नाही.

संशोधकांचे लक्ष इकडे वळले ते याच सुमारास. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो संशोधन केंद्राशी संबंधित निकोला दुशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉरक्राफ्टमधल्या खेळाडूंच्या वावराचा मागोवा घेतला आणि २००६ साली 'अलोन टुगेदर' हा निबंध मांडला. टोळ्यांसाठी नावाजलेल्या या खेळात माणसे पुष्कळसा वेळ एकटीच काढतात, असे त्यांना दिसले. मग इतर लोक हवेत कशाला? तर प्रेक्षक म्हणून, तमाशा म्हणून, आणि आसपास जाग असावी म्हणून. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कित्येक जण एकटेच येतात, ओळखीचा कोणी नसतो, ढोलाला हात लावायचा नसतो. पण रस्ता रिकामा असता तर ते घराबाहेर पडले नसते. दुर्मीळ घोडा मिळालेला वॉरक्राफ्टचा स्वार याच न्यायाने गावच्या चौकात विनाकारण थांबलेला आढळतो. घोडा दमलेला नसतो.

हे ओळखून डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टने जी सोय केली ती एकांड्यांच्या पथ्यावर पडली. कळ दाबली की यंत्रच कुठल्या कुठल्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी जण जमवते आणि थेट गुहेच्या तोंडाशी नेऊन सोडते. आर्जवे नकोत, ओळखपाळख नको. अनोळखी माणसांबरोबर जाणाऱ्याच्या अंगी थोडे जादा बळ यावे, अशीही तजवीज होती. मित्रांबरोबर गेल्यास ते बळ मिळत नसे. अर्ध्या तासाच्या मोहिमेत सुरुवातीला एक 'हाय' आणि शेवटी एक 'थँक्स' एवढ्यावर भागू लागले, आणि मधल्या वेळात कोणी बोललाच तर तो बहुधा टँकला शिव्या देत असे. टँक म्हणजे पुढे राहून मार खाणारा. शिव्या आणि मार दोन्ही त्याच्याच वाट्याला येत असल्याने टँक कमी पडू लागले. तेव्हा २०११ साली कंपनीने ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती पत्करणाऱ्याला बक्षिसाची थैली द्यायला सुरुवात केली. तरीही मारेकऱ्यांची रांग लांबच राहिली.

काही एकांड्यांनी यावरही कडी केली. एकच माणूस पाच खाती उघडतो, पाचांची वर्गणी भरतो, पाच पात्रे एकदम चालवतो आणि स्वतःचाच गट बनवतो. याला मल्टिबॉक्सिंग म्हणतात. वाटणीवरून भांडण न झालेला गट इतिहासात शोधायचा झाला तर तो इथेच मिळेल. एक कळ दाबून पाचही पात्रांना हुकूम सोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर वॉरक्राफ्टने नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी आणली. तेव्हापासून पाचही जणांना वेगवेगळे सांगावे लागते, खऱ्या गटासारखेच.

'ओल्ड स्कूल रूनस्केप'ने २०१४ साली संन्यासमार्गच खुला केला. तिथला 'आयर्नमॅन' बाजारात काही विकत नाही, कोणाकडून काही घेत नाही, मदत स्वीकारत नाही. लाखोंच्या गर्दीत राहून गर्दीशी व्यवहार न करण्याचे हे व्रत आहे, आणि ते पाळले जात असल्याची खूण नावाशेजारी झळकत असते, म्हणजे लोकांना दिसावी. व्रत इतके लोकप्रिय झाले की २०२१ साली 'ग्रुप आयर्नमॅन' निघाला. यात दोन ते पाच जण मिळून एकटे राहतात.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचवला तो मोबाइलने. 'पबजी मोबाइल' मार्च २०१८ मध्ये आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' या नावाने परत अवतरला, पुढच्या जुलैत गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. या जन्ममरणाच्या फेऱ्यांत खेळ तोच राहिला. शंभर जणांनी विमानातून बेटावर उडी मारायची, बंदुका गोळा करायच्या आणि एकमेकांना संपवत जायचे. उरेल तो जिंकला. सोलो म्हणजे एकट्याने, ड्युओ म्हणजे जोडीने, स्क्वाड म्हणजे चौघांनी.

सोलो खेळाडूचे आयुष्य शांत असते. तो एखाद्या घराचे दार लावून न्हाणीघरात दबा धरतो, नाही तर गवतात पालथा पडून राहतो. गोळी लागून आडवा झाला की तिथेच संपला. हरण्याचे खापर फोडायला शेजारी कोणी नसल्याने सोलोत पराभवाचे एकच अधिकृत कारण नोंदले जाते: नेटवर्क.

स्क्वाडमध्ये मरण हप्त्याहप्त्याने येते. गोळी लागलेला आधी 'नॉक' होतो, म्हणजे गुडघ्यांवर रांगू लागतो, आणि साथीदाराने जवळ बसून काही क्षण दिले तर पुन्हा उभा राहतो. हे काही क्षण मैत्रीची खरी परीक्षा घेतात. रांगणारा माइकवर आळवत असतो, "भावा, रिव्हाइव्ह दे, स्मोक टाक, स्मोक!" आणि भाऊ, शत्रूच्या पेटीवर ओणवा होऊन म्हणत असतो, "आलोच, एट एक्स घेतो फक्त." एट एक्स ही दूरचे पाहायची दुर्बीण. तिच्यामुळे भावाला जवळ रांगणारा मित्र दिसेनासा होतो.

चौघे ओळखीचे नसले की यंत्र भरती करून देते, आणि मग माइकवरून खेळाहून घरच जास्त ऐकू येते. एकाकडे कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्याकडे मालिकेचे शीर्षकगीत. तिसऱ्याकडे आई: "ताट वाढलंय, येतोस की नाही?" तो "दोन मिनिटं" म्हणतो. ऑनलाइन खेळ मध्येच थांबवता येत नाही, हे आईला पटवून देण्यात महाराष्ट्रातला एकही खेळाडू अद्याप यशस्वी झालेला नाही. ताटावर बसलेल्याचे पात्र भर माळरानात ताठ उभे राहते, आणि चौथा त्याच्या आडोशाने गोळीबार करतो.

या दोन टोकांच्या मधे 'सोलो व्हर्सेस स्क्वाड' हा पोट-प्रकार वाढला आहे. साथीदार भरण्याची खूण काढून टाकायची आणि चौघाचौघांच्या टोळ्यांत एकट्याने उतरायचे. वरवर हे धाडस दिसते. हिशेब पाहिला तर इतका सुरक्षित करार दुसरा नाही. चौघांना लोळवले तर शौर्य, आणि मेलाच तर "मी एकटा होतो रे." 'लुडो किंग'मध्ये ही पळवाट नाही. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ साली आणलेला आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पसरलेला हा खेळ संगणकाशी, अनोळखी माणसाशी किंवा नातेवाइकांशी खेळता येतो. संगणकाने सोंगटी मारली तर राग येत नाही, मामेभावाने मारली तर दिवाळीपर्यंत लक्षात राहते. हरणाऱ्याला फाशाचा संशय येतो, पण ती परंपरा हस्तिनापूरची आहे.

जपानी कंपनी फ्रॉमसॉफ्टवेअरने सोबतीचा तिसराच मार्ग काढला. 'डीमन्स सोल्स' या २००९ सालच्या खेळापासून तिच्या जगात माणसे क्वचितच समोरासमोर येतात, पण ठराविक शब्द जुळवून जमिनीवर संदेश लिहून ठेवता येतो आणि तो अनोळखी खेळाडूंना दिसतो. मानवजातीने या सोयीचा उपयोग खोल कड्याच्या टोकाशी 'इथून उडी मारून पाहा' असे लिहिण्यासाठी केला. याच घराण्यातल्या 'एल्डन रिंग'मध्ये २०२२ साली मलेनिया नावाच्या वीरांगनेने हजारोंना रडवले. तेव्हा एक खेळाडू उघड्या अंगाने, डोक्यावर रांजण आणि दोन हातांत दोन तलवारी अशा थाटात मदतीला येऊ लागला. त्याचे नाव 'लेट मी सोलो हर', म्हणजे तुम्ही बाजूला उभे राहा, हिच्याशी एकटा मी लढतो. बोलावणाऱ्याने भिंतीला टेकून पाहायचे आणि विजय आपल्या नावावर जमा करून घ्यायचा. त्याने तिला हजारावर वेळा हरवले, आणि प्रकाशक कंपनीने त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. ज्याला जोडीदार नको होता, त्याच्याइतकी मागणी त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याच जोडीदाराला नव्हती.

अलीकडे कंपन्यांनी माणसांचा नाद जवळजवळ सोडला आहे. 'फायनल फँटसी १४'ने २०१९ मध्ये कथेतलीच पात्रे गुहेत सोबत नेण्याची सोय केली. जानेवारी २०२४ मध्ये वॉरक्राफ्टनेही यंत्राने चालवलेले चार साथीदार देऊ केले. ते उशिरा येत नाहीत आणि वाटणी मागत नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या 'डेल्व्ह' नावाच्या लहान गुहांत एकट्याने जाता येते, आणि सोबतीला ब्रॅन ब्रॉन्झबिअर्ड हा दाढीवाला बुटका संशोधक असतो. त्याने मारायचे की मलमपट्टी करायची, हे खेळाडू ठरवतो. ब्रॅनचे मत कोणी विचारत नाही. गटातल्या माणसाचे सगळे दोष काढून टाकताना कंपनीने एक मात्र ठेवला. ब्रॅन फार बोलतो. संवादांचा आवाज कमी करण्याची पट्टी ध्वनीच्या सेटिंगमध्ये आहे.